दोनशे पंधरा किलोमीटर

संभाजीनगरच्या शहागंजात कुणालाही विचारा, नांदेड किती लांब? उत्तर किलोमीटरमध्ये येणार नाही. रेल्वेनं जाणारा "साडेचार तास" म्हणेल, गाडीवाला पाच सांगेल, आणि एसटीनं जाणारा जरा थांबून "सहा धरा" म्हणेल. अंतर वेळेत सांगायची सवय आपल्या अंगात मुरलेली आहे. घटकाभराची वाट, दिवसभराची चाल, अशा मापांवर आपल्या आजोबा-पणजोबांची सगळी ये-जा झाली.

शहागंजच्या टॉवरजवळ एक कापडाचं दुकान आहे. तिथे माझं वर्षानुवर्षांचं जाणं-येणं. मालकांना सगळे चाचा म्हणतात. वय सत्तरीच्या पुढे. त्यांची धाकटी लेक नांदेडला दिलेली. तिला मुलगा झाला आणि नातू बघायची ओढ लागली, पण गुडघे असे की गाडीत चार-पाच तास बसणं त्यांना होत नाही. एका दुपारी हातातली कात्री बाजूला ठेवून त्यांनी मला विचारलं, "सर, नांदेड को हवाई जहाज से कित्ता टाइम लगता?"

मी आयुष्यभर भूगोल शिकवला. "पाऊण तास" असं ठोकून मोकळं होता आलं असतं, आणि ते खोटंही ठरलं नसतं. पण त्या पाऊण तासावर भरवसा ठेवून म्हातारा माणूस घराबाहेर पडला तर फसेल. दोन लहान विमानतळांमधलं अंतर आणि तिथे पोचायला लागणारा वेळ यांचं नातं वाटतं तितकं सरळ नसतं. म्हणून त्या दिवशी दुकानात बसून आम्ही तो हिशोब पहिल्यापासून मांडला. तोच इथे मांडतो.

सुरुवात सुतळीनं केली. महाराष्ट्राचा भिंतीवर लावायचा नकाशा, एक सेंटिमीटरला दहा किलोमीटर या प्रमाणाचा, घरून आणला आणि कापड मोजायच्या टेबलावर पसरला. सुतळीचं एक टोक चिकलठाण्यावर, म्हणजे आपल्या विमानतळावर, दुसरं नांदेडवर. सुतळी ताणून धरली, चिमटीत पकडली आणि चाचांच्या लोखंडी मीटरपट्टीला लावली. साडेएकवीस सेंटिमीटर. म्हणजे २१५ किलोमीटर. चाचांनी पट्टीवर अंगठा ठेवून ते पुन्हा मोजलं. कापडाच्या धंद्यातला माणूस एकदा मोजून समाधान मानत नाही.

हाच आकडा कागद-पेन्सिलनंही काढता येतो, आणि तो काढायची रीत माहीत असावी अशी आहे. विमानतळाला एक अधिकृत बिंदू ठरवून दिलेला असतो, बहुधा धावपट्टीच्या मध्याजवळचा. चिकलठाण्याचा बिंदू साधारण १९ अंश ५२ मिनिटे उत्तर आणि ७५ अंश २४ मिनिटे पूर्व. नांदेडचा १९ अंश ११ मिनिटे उत्तर आणि ७७ अंश १९ मिनिटे पूर्व. उत्तर-दक्षिण फरक ४१ मिनिटांचा, पूर्व-पश्चिम फरक ११५ मिनिटांचा.

इथे वैमानिकांचं माप कामाला येतं. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक नॉटिकल मैल, अर्थात १,८५२ मीटर. विमानं आणि जहाजं आजही हे माप सोडत नाहीत, कारण ते पृथ्वीच्या अंगावरूनच घेतलेलं आहे. म्हणजे उत्तर-दक्षिण अंतर ४१ नॉटिकल मैल झालं. रेखांशांचं मात्र तसं नाही. विषुववृत्तावर ते एकमेकांपासून सगळ्यांत लांब असतात आणि ध्रुवाकडे जाताना जवळ येत येत शेवटी एका बिंदूत मिळतात. आपल्या साडेएकोणीस अंशांवर ते पावणेसहा टक्क्यांनी आक्रसलेले असतात. म्हणून ११५ मिनिटांचे ११५ मैल होत नाहीत, सुमारे १०८.४ होतात. आता काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू हातात आल्या, ४१ आणि १०८.४. पायथागोरस आठवीत शिकवतो त्याप्रमाणे वर्ग करून बेरीज करा, वर्गमूळ काढा. सुमारे ११६ नॉटिकल मैल येतात. १.८५२ नं गुणलं की २१५ किलोमीटर. सुतळी बरोबर होती.

वर्गात हे शिकवताना मुलं हमखास विचारायची, पृथ्वी गोल आहे, मग त्रिकोण सपाट कसा धरला? प्रश्न अगदी रास्त. मुंबई–न्यूयॉर्क असं अंतर या रीतीनं काढलं तर ते साफ चुकेल. तिथे गोलावरची भूमिती लागते, आणि म्हणूनच सपाट नकाशावर त्या विमानाचा मार्ग उत्तरेकडे फुगलेला दिसतो. पण २१५ किलोमीटरला गोलाई किती नडते? समजा चिकलठाण्यापासून नांदेडपर्यंत जमिनीखालून अगदी सरळ बोगदा खणला. मध्यावर तो जमिनीखाली सुमारे ९०० मीटर खोल असेल, इतका पृथ्वीचा फुगवटा मध्ये येतो. आणि एवढं खणून वाट किती वाचेल? जेमतेम दहा मीटर. चाचांना हे पटेना. मी कागदावर कमान आणि तिची दोरी काढून दाखवली. त्यांनी कापडाची एक पट्टी हलकेच वाकवून दोन्ही टोकं पाहिली आणि मान हलवली.

या पूर्व-पश्चिम अंतराला आणखी एक बाजू आहे. पृथ्वी चार मिनिटांत एक रेखांश वळते. चिकलठाणा आणि नांदेड यांच्यात १ अंश ५५ मिनिटांचा फरक आहे, म्हणजे सूर्य नांदेडच्या डोक्यावर आपल्यापेक्षा ७ मिनिटे ४० सेकंद आधी येतो. शहागंजचा घड्याळाचा टॉवर विसाव्या शतकाच्या आरंभीचा, निजामाच्या राजवटीतला, पण घड्याळं आता आपल्या सूर्यावर चालत नाहीत. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ ठरली ती साडेब्याऐंशी रेखांशावरून, जो आपल्या पूर्वेला खूप दूर जातो. त्यामुळे शहागंजात सूर्य माथ्यावर येतो तेव्हा घड्याळात वर्षाच्या सरासरीनं सुमारे १२ वाजून २९ मिनिटे झालेली असतात. नांदेडला १२ वाजून २१. रेल्वे आली नसती तर गावोगावच्या घड्याळांत हा सात-आठ मिनिटांचा फरक कुणाला खुपला नसता. वेळापत्रक छापायचं म्हटल्यावर मात्र सगळ्यांना एकच वेळ लागली.

रेल्वेचा विषय निघाला आहे तर तिचंही अंतर पाहू. मनमाड–हैदराबाद हा गोदावरी खोऱ्यातला मीटरगेज मार्ग १९०० च्या सुमारास आपल्याकडून गेला आणि १९९० च्या दशकात टप्प्याटप्प्यानं ब्रॉडगेज झाला. जालना, परतूर, सेलू, परभणी, पूर्णा करत नांदेड सुमारे २३५ किलोमीटर भरतं. सरळ रेषेपेक्षा फक्त वीस जास्त. पठारावरून, नदीखोऱ्याच्या बाजूनं गेलेला हा मार्ग चांगलाच सरळ आहे. तरी चार-साडेचार तास लागतात, कारण संभाजीनगर ते परभणी हा मार्ग वर्षानुवर्षं एकेरी राहिला आहे. समोरून गाडी आली की आपली गाडी स्टेशनात थांबते. ही थांबण्याची मिनिटं नकाशावर कुठेच दिसत नाहीत. रस्त्यानं अंतर अडीचशेच्या पुढे जातं.

जळगावचं मात्र वेगळंच आहे, आणि अंतर म्हणजे काय हे समजायला मला तेच उदाहरण सगळ्यांत आवडतं. चिकलठाण्यापासून जळगाव विमानतळ सरळ उत्तरेला, १२४ किलोमीटरवर. नांदेडच्या मानानं अर्ध्याहून जरा जास्त. रस्ता सिल्लोड, अजिंठा करत, घाट उतरून दीडशेच्या पुढे जातो. पण रेल्वेनं जायचं म्हटलं तर आधी उलट पश्चिमेला मनमाड गाठायचं, ११३ किलोमीटर, आणि तिथून पुन्हा पूर्वेला १६०. एकूण २७३. म्हणजे सुतळीनं जळगाव जवळ, रुळांनी नांदेड जवळ. मध्ये अजिंठ्याची डोंगररांग आडवी पडली आहे. जालना–जळगाव या १७४ किलोमीटरच्या नव्या मार्गाला केंद्र सरकारनं २०२४ मध्ये मंजुरी दिली ती या अडचणीपायी. शेजारच्या दोन जिल्ह्यांना सव्वाशे वर्षं हा वळसा घालावा लागला, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता विमान. सत्तरेक आसनांचं, दोन पंख्यांचं एटीआर ७२ चिकलठाण्याहून थेट नांदेडला निघालं आहे असं धरू. लहान विमानतळांना हेच विमान मानवतं. २०१७ च्या २७ एप्रिलला लहान शहरांना विमानानं जोडणाऱ्या उडान योजनेतली पहिली उड्डाणं सुरू झाली तेव्हा नांदेड–हैदराबाद मार्गावर ट्रूजेट कंपनीचं एटीआरच उडालं होतं, आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरला काकडी गावातल्या शिर्डी विमानतळाचं उद्घाटन झालं तेव्हाही एटीआरच होतं.

एटीआरचा वरचा वेग ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास. २१५ भागिले ५००, म्हणजे सव्वीस मिनिटं. हिशोब इतका सोपा असता तर विमान कंपन्यांना वेळापत्रक करणारी माणसं लागली नसती.

विमानाचा वेळ चाकांखालचे अडसर काढल्यापासून मोजतात आणि मुक्कामी ते परत लावेपर्यंत. या सगळ्या वेळेला ब्लॉक टाइम म्हणतात, आणि तिकिटावर छापलेली वेळ याच हिशोबाची असते. अडसर निघाले की विमान आपल्या चाकांवर धावपट्टीकडे जातं, याला टॅक्सी म्हणतात. मोठ्या विमानतळावर धावपट्टीला समांतर वेगळा रस्ता असतो. लहान ठिकाणी अनेकदा तो नसतो. विमान धावपट्टीवरूनच उलट चालत टोकाला जातं, तिथे गोल वळतं आणि मग धावतं. चिकलठाण्याची धावपट्टी सुमारे २,८०० मीटर लांब. तेवढं चालणं आणि वळणं यातच चार-पाच मिनिटं जातात. इकडे एक विमान उतरत असेल तर तुम्ही थांबता, कारण रस्ता एकच.

आणि धावायचं कुठल्या दिशेला? वाऱ्याच्या तोंडावर. चिकलठाण्याची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, म्हणून पूर्वेला नांदेडला जाणारं विमान आधी पश्चिमेला, शहराच्या दिशेनं उडतं आणि मग वळून मागे येतं. आषाढातल्या दुपारी गच्चीवर उभं राहिलं की हे दिसतं. विमान आपल्याकडे येतंसं वाटतं आणि अर्ध्यातून वळतं. त्या वळणात दोन-तीन मिनिटं गेली आणि काही किलोमीटर फुकट वाढले.

मग चढण. विमानाला एका दमात वर जाता येत नाही. पंधरा हजार फुटांवरून जायचं ठरलं तर तिथे पोचायला एटीआरला दहा-बारा मिनिटं लागतात, आणि चढताना वेग कमी असतो. तोवर सुमारे ४० नॉटिकल मैल कापलेले. उतरतानाचा ठोकताळा सगळे वैमानिक वापरतात: दर हजार फूट उतरायला तीन नॉटिकल मैल. नांदेडचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे साडेबाराशे फुटांवर, म्हणजे जवळजवळ चौदा हजार फूट उतरायचं आहे. त्याला ४१ मैल. ११६ मधून चढणीचे ४० आणि उतरणीचे ४१ वजा करा. राहिले ३५. पूर्ण वेगानं सरळ उडायला एवढंच अंतर, सात-आठ मिनिटांचं. बाकी सगळं चढण आणि उतार. म्हणून एवढ्या वाटेसाठी मोठं जेट आणलं तरी फार फरक पडत नाही. ते ताशी आठशेच्या वर जाऊ शकतं, पण तो वेग गाठून टिकवायला त्याला मोकळी वाटच मिळत नाही.

बेरीज करा: टॅक्सी आणि वळसा आठ मिनिटं, चढण बारा, सरळ उड्डाण आठ, उतार अकरा, शेवटची धावपट्टीकडची जुळणी तीन-चार, उतरून थांब्यापर्यंत तीन-चार. पंचेचाळीस मिनिटांच्या पुढे-मागे येतं. सव्वीसचे पंचेचाळीस असे होतात. कंपनी त्यावर आणखी पाच-दहा मिनिटांची ढील धरून वेळापत्रक छापते, म्हणजे थोडा उशीर झाला तरी विमान वेळेवर पोचलं असं म्हणता येतं.

विमानात बसलेल्या माणसाला अंतर सांगणारं यंत्रही प्रत्यक्षात वेळच मोजतं. चिकलठाण्याला डीएमई नावाचं यंत्र आहे. विमान त्याला रेडिओची हाक देतं, यंत्र ठरलेल्या क्षणानंतर ओ देतं, आणि हाक-ओ यांच्यातल्या वेळेवरून अंतर निघतं. एक नॉटिकल मैल जाऊन येण्याला सुमारे १२.४ मायक्रोसेकंद. गंमत अशी की ते अंतर जमिनीवरचं नसतं, विमानापासून यंत्रापर्यंतचं तिरपं असतं. विमान बारा हजार फुटांवर, बरोबर यंत्राच्या डोक्यावर आलं, तरी काटा शून्य दाखवत नाही. तो दोन मैल दाखवतो, कारण विमान खरोखरच यंत्रापासून दोन मैल लांब असतं, वरच्या दिशेला. हे वर्गात सांगितलं की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा सरसावून बसायची.

आपल्या मुलखात आणखी एक गोष्ट वेळ खाते, ती म्हणजे ऊन. चिकलठाण्याचा विमानतळ १,९११ फुटांवर. मे महिन्यात पारा ४२ वर गेला की हवा फुगते, विरळ होते. पंखांना आणि पंख्यांना विरळ हवेत पकड मिळत नाही. वैमानिकांकडे याचा हिशोब आहे: ४२ अंशांच्या दुपारी चिकलठाण्याची हवा प्रमाण हवामानातल्या सुमारे ५,६०० फुटांवरच्या हवेइतकी विरळ असते. कळसूबाईचं शिखर ५,४०० फुटांवर आहे. म्हणजे भर दुपारी धावपट्टीवर उभं असलेलं विमान जणू कळसूबाईच्या माथ्यावरून उड्डाण करायला बघतं. त्याला जास्त धावावं लागतं, चढायला जास्त वेळ लागतो, आणि कधी कधी वजन कमी करावं लागतं. आधी मालाचं, मग प्रवाशांचं.

धावपट्टीचं अंतर ही किती गंभीर बाब आहे हे या शहराला वेगळं सांगायला नको. २६ एप्रिल १९९३ च्या दुपारी चिकलठाण्याहून मुंबईला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ धावपट्टीच्या टोकापलीकडच्या बीड रस्त्यावरून चाललेल्या, कापसाच्या गाठींनी भरलेल्या ट्रकला आदळलं. ५५ माणसं गेली. ट्रक होता तो धावपट्टी संपल्यापासून चारेकशे फुटांवर. त्या दिवशी शहागंजात दुकानं अर्धवट उघडी ठेवून लोक घाटी रुग्णालयाकडे धावले होते, हे चाचांना आजही आठवतं. आम्ही दोघंही थोडा वेळ गप्प बसलो.

चाचांनी चहा मागवला आणि पुढे चला म्हणाले. कारण खरा प्रश्न अजून बाकी होता. त्यांना चिकलठाण्याहून नांदेडच्या धावपट्टीपर्यंत जायचं नाही. त्यांना शहागंजहून नातवाच्या पाळण्यापर्यंत जायचं आहे.

शहागंजहून चिकलठाणा सरळ रेषेत सात किलोमीटर, रस्त्यानं आठ-नऊ. जालना रोडला लागायचं, आकाशवाणी, सेव्हन हिल्स, सिडको बसस्थानक, मुकुंदवाडी. रस्ता मोकळा असेल तर वीस मिनिटं, संध्याकाळी पस्तीस-चाळीस. तीस धरू. विमानतळाचा काउंटर विमान सुटायच्या साधारण तासभर आधी बंद होतो, म्हणून सव्वा तास आधी पोचायला हवं. मग विमानाचे पंचेचाळीस. उतरून, सामान घेऊन बाहेर यायला पंधरा. नांदेडचा विमानतळ शहराला लागूनच, म्हणून तिथून लेकीच्या घरापर्यंत वीस. बेरीज तीन तास पाच मिनिटं. रेल्वेचा हाच हिशोब, स्टेशनवर जाणं-येणं धरून, पाच तासांच्या आसपास. म्हणजे विमानानं दोन तास वाचतात. पाऊण तासात नांदेड हे खरं नाही आणि काहीच वाचत नाही हेही खरं नाही.

आता एक कोडं मी चाचांपुढे ठेवलं. विमानानं जाणं नेमकं किती अंतरापासून परवडतं, पैशानं नव्हे, वेळेनं? विमानाच्या प्रवासात एक ठरलेला वेळ असतो, जो अंतर कमी झालं म्हणून कमी होत नाही: घरून विमानतळ, थांबणं, टॅक्सी, चढ-उताराचा तोटा, बाहेर पडणं, तिथून घर. वरच्या हिशोबात तो सुमारे १६० मिनिटं भरतो. त्यावर दर किलोमीटरला आठ सेकंद. रस्त्याचं उलट. ठरलेला वेळ जवळजवळ शून्य, दारात गाडी बसली की निघालो. पण दर किलोमीटर महाग. रस्ता सरळ रेषेपेक्षा साधारण वीस टक्के लांब आणि गाडीचा सरासरी वेग ताशी ५५ धरला तर सरळ रेषेतल्या दर किलोमीटरला ७८-७९ सेकंद. दोन्ही समान कुठे होतात ते काढलं तर १३५ किलोमीटरच्या आसपास येतं. त्याच्या आत रस्ता लवकर पोचवतो, बाहेर विमान.

हा आकडा घेऊन नकाशाकडे पाहा. चिकलठाण्यापासून काकडीचा शिर्डी विमानतळ १०८ किलोमीटर, आतमध्ये. तिथे विमानानं जाण्यात वेळेचा तोटाच आहे. जळगाव १२४, तेही आतच, पण घाटात ट्रक अडकला की बाहेर. नांदेड २१५, चांगलंच बाहेर. २०१६ मध्ये उडान योजना आखली गेली तेव्हा साध्या मुलखात दोनशे ते आठशे किलोमीटरच्या मार्गांनाच अनुदान मिळावं असं ठरलं होतं. डोंगराळ भाग, बेटं, दुर्गम प्रदेश यांना खालची मर्यादा नव्हती. आमच्या कापडदुकानातल्या हिशोबाशी ते चांगलं जुळतं. शिर्डी आणि जळगाव त्या मर्यादेत बसत नाहीत, नांदेड पंधरा किलोमीटरनं बसतं.

पण रस्ता सुधारला तर? समृद्धी महामार्गावर वेगमर्यादा ताशी १२० आहे. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर–शिर्डी टप्पा सुरू झाला आणि ५ जून २०२५ ला शेवटचा टप्पा खुला होऊन ७०१ किलोमीटरचा हा महामार्ग मुंबईकडे पूर्ण झाला. त्याला जालन्याजवळून नांदेडकडे जोडणारा सुमारे १८० किलोमीटरचा द्रुतगती मार्गही आखला आहे. तशा रस्त्यावर घरापासून घरापर्यंत सरासरी ९० मिळाले असं धरा आणि तेच गणित पुन्हा करा. बरोबरीचं अंतर १३५ वरून २४० वर सरकतं. नांदेड २१५! म्हणजे नांदेडपर्यंत तसा रस्ता झाला की विमानाचा फायदा संपतो, रस्ता पंधराएक मिनिटांनी पुढे जातो. दोन्ही विमानतळ जागच्या जागी, अंतर तेच, आणि निकाल उलटा. लहान विमानतळाच्या भवितव्यावर बोलताना लोक प्रवासीसंख्येचे आकडे काढतात. मला वाटतं त्यांनी आधी शेजारून जाणारा रस्ता पाहावा.

चाचांनी हे सगळं ऐकून एकच विचारलं. "विमान रोज है क्या?"

सगळ्यांत मोठा वेळ इथेच दडलेला असतो. आतापर्यंतचा हिशोब थेट विमान आहे असं धरून होता. थेट विमान नसेल तर वाट मोठ्या विमानतळावरून जाते. हैदराबादवरून गेलं तर चिकलठाणा–हैदराबाद ४३२ किलोमीटर आणि हैदराबाद–नांदेड २४६. एकूण ६७८, सुतळीच्या तिपटीहून जास्त. दोन उड्डाणं प्रत्येकी तासाच्या आसपासची, मध्ये पुढच्या विमानाची वाट. तिथे रेल्वे सहज जिंकते. आणि थेट विमान आठवड्यातून तीनच दिवस असेल तर? मंगळवारी रात्री फोन आला की बाळाला ताप आहे, आणि विमान शुक्रवारी, तर तुमच्या प्रवासाला तीन तास लागत नाहीत, अडीच दिवस लागतात. रेल्वे रात्रीसुद्धा असते. मराठवाड्यातल्या विमानतळांवर एखादा मार्ग सुरू झाला, बंद पडला, पुन्हा सुरू झाला, हे आपण बघत आलो आहोत, आणि दर वेळी एखाद्या घरातला ठरवलेला प्रवास मोडतो. तीस आसनांचं छोटं विमान रोज उडणं मला सत्तर आसनांचं आठवड्यातून दोनदा उडण्यापेक्षा कितीतरी बरं वाटतं. प्रवाशाला वेग कमी-जास्त चालतो. त्याला हव्या त्या दिवशी वाहन हवं असतं.

चाचांनी नकाशाची घडी घातली, सुतळी तिच्यावर गुंडाळून माझ्या हातात दिली आणि मोबाइल काढला. शनिवारच्या रेल्वेत खालचा बर्थ मिळतो का, ते पाहायला त्यांनी मुलाला फोन लावला. मी विचारलं, गुडघ्यांचं काय? ते म्हणाले, गाडीत पाय लांब करता येत नाहीत, रेल्वेत येतात. दर जंक्शनला उठून दोन पावलं चालेन. मग त्यांनी कात्री उचलली, समोर थांबलेल्या बाईंना अडीच मीटर पॉपलीन मोजून दिलं, आणि नातवासाठी वेगळं काढून ठेवलेलं मऊ सुती कापड पिशवीत घातलं.